त्या सालचा घट

“उद्या अवस हाय. उत्तमचं पान वाढायचं का न्हाई तेवढं सांगा, वैनी. म्हंजी भटजीला निरोप धाडतो,” हैबती आबा म्हणाले आणि उंबऱ्याशी बसून त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

पटका काढला म्हणजे आबा आता लवकर उठायचे नाहीत, हे लग्नानंतरच्या दीड वर्षात मला कळलं होतं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हात थांबवला नाही, पण भाकरी परातीतच फाटली.

उत्तम म्हणजे आमचे हे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत असायचा, तसे आमच्या घरातून हे होते. पासष्ट सालची लढाई नुकतीच थांबली होती आणि ती थांबायच्या जरा आधी आमच्याकडं तार आली होती. शाळेतल्या गुरुजींनी ती वाचून दाखवली. उत्तम लढाईत बेपत्ता. गेला असं नाही, आहे असंही नाही. गुरुजींनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. तिथं काही नव्हतं.

“कशाचं पान?” आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला असंच म्हणतात.

“ज्येची तिथ ठावं न्हाई त्येचा म्हाळ अवशीला घालत्यात.”

“त्यो मेल्यांचा, भावजी.”

“वैनी, मी काय वैरी हाय का त्येचा? ह्या खांद्यावर बसवून जत्रा दावलीया म्या त्येला.” आबांचा आवाज चिरकला. “पर दादाच्या टायमाला काय झालं त्ये बी म्या बघितलंय. बारा वर्सं तुमी दाराकडं तोंड करून जेवला. कुत्रं भुकलं तरी उठून बाहीर बघायचा. ह्या पोरीला त्ये नगं. अजून विशीची न्हाई ती. एकदाचं रडून घिऊ द्या तिला.”

दादा म्हणजे आबांचे थोरले भाऊ, माझे सासरे. ते जर्मनच्या लढाईत ब्रह्मदेशाकडं गेले ते परत आलेच नाहीत. आले नाहीत आणि गेल्याचंही कुणी सांगितलं नाही. आत्याबाई तेव्हा माझ्याच वयाच्या होत्या आणि पदरात हे, दुधाच्या दातांचे. शास्त्राप्रमाणं बारा वर्षं वाट बघितली. मग भावकीनं दर्भाचा माणूस करून नदीवर जाळला आणि आत्याबाईंचं कुंकू पुसलं. त्याच साली घरचा नवरात्राचा घटही गेला. घट सवाष्णीनं बसवायचा, आणि घरात सवाष्ण उरली नव्हती. देवांचे टाक परडीत घालून आबांच्या घरी नेले आणि तिथं घट बसायला लागला. मी सून म्हणून आले तेव्हा टाक परत या घरात आले. आदल्या वर्षी मी पहिल्यांदा घट बसवला होता आणि आत्याबाईंनी गावभर सांगितलं होतं, आमच्याकडं घट हाय, बघाय या.

आता हे सगळं पुन्हा समोर येऊन बसलं होतं. अमावस्येला ह्यांच्या नावानं पान वाढलं की हे पितरांत गेले, मी सवाष्ण उरले नाही आणि घट पुन्हा आबांच्या घरी. पान वाढलं नाही तर परवा सकाळी मी घट बसवायचा.

“यमुना घट बसवंल,” आत्याबाई म्हणाल्या. “ह्या घरात सुतक न्हाई.”

“आन् घट उगवला न्हाई म्हंजी?”

“का न उगवायला?”

“आभाळाकडं बघितलंसा का? औंदा रानातलं बी उगवंना. दसऱ्याला सारी भावकी येणार. घटाचं धान बघणार. त्येच्यावरनं साल कसं जाणार ते बोलणार. तवा मोकळी माती दिसली, तर लोकांची तोंडं मी कुठवर धरू?” आबांनी पटका उचलला, पण डोक्यावर ठेवला नाही. “बरं, एक करा. बसवा घट. उगवला तर मी पुन्यांदा हा विषय काढणार न्हाई, सरकारचा सांगावा येईपर्यंत. न्हाई उगवला, तर दसरा उलगडला की मी म्हणंन तसं करायचं.”

बोलताना त्यांची नजर माझ्या गळ्यावर आली आणि लगेच खाली गेली.

“करीन,” आत्याबाई म्हणाल्या.

मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे. खरं सांगायचं तर मला पानही नको होतं आणि घटही नको होता. तार आल्यापासून मी मनाला एका जागी बांधून ठेवलं होतं. हे आहेत असं धरलं आणि नसले तर? त्यापेक्षा काहीच न धरलेलं बरं, असं मला वाटायचं. मी फाटलेली भाकरी मळून पुन्हा गोळा केला.

घटाची माती रानातून आणायची ती घरच्या पुरुषानं. आदल्या वर्षी आबांनी आणली होती. या वर्षी ते आले नाहीत. आत्याबाईंनी थोडी वाट बघितली, मग पाटी डोक्यावर घेतली आणि स्वतःच गेल्या. वाटेत बायका बघत होत्या म्हणे. विधवेनं घटाची माती आणायची नसते.

आमच्या घरच्या घटात गहूच पेरायचा, दुसरं धान्य चालत नसे. बाकी घरांत पाच-सात धान्यं असत, आमच्यात नुसता गहू. आत्याबाईंनी माळ्यावरून एक कापडाची पिशवी काढली. शेवटच्या रजेला हे आले तेव्हा पंजाबातून तो गहू घेऊन आले होते. ट्रंकेत कपडे कमी आणि गहू जास्त. एकेक दाणा तळहातावर घेऊन आईला दाखवत म्हणाले होते, “बघ आये, ह्या एका दाण्यात आपल्याकडची एक चपाती हुतीया.” आत्याबाईंनी त्यातला एक दाणाही दळला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, त्यो खायचा न्हाई.

“माझ्या उत्तूचा गहू हाय,” त्या आता म्हणाल्या आणि पिशवीतला थोडा गहू माझ्या ओंजळीत ओतला. “पेर.”

मी पत्रावळीवर काळी माती पसरली, मध्ये पाण्याचा घट ठेवला, भोवती गहू पेरला आणि वरून मातीचा हलका हात फिरवला. नंदादीप लावला, कारळ्याच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ चढवली. देव बसले.

आबा संध्याकाळी आरतीला आले. माती आणायला आले नाहीत, पण आरती त्यांच्याच्यानं चुकवली जाईना. दाराशी उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, मातीवर एक नजर टाकली आणि गेले. त्यांच्या अंगाला नेहमीसारखा भिजल्या हुलग्यांचा वास येत होता. आबांची बैलजोडी म्हणजे त्यांचा जीव. औंदा चारा नव्हता म्हणून ते रोज बैलांसाठी हुलगे भिजत घालायचे, आणि मऊ झालेत का ते बघायला मूठभर बंडीच्या खिशात टाकून दिवसभर एकेक चावत फिरायचे. धाकट्या सासूबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “माझ्या वाटणीला एक फुटाणा आला न्हाई, बैलांचा मातुर रोज दिवाळसण.”

दुसरी माळ झाली, तिसरी झाली. तिसऱ्या माळेला एरवी गव्हाचे पांढरे कोंब मातीला भेगा पाडतात. काही नाही. आत्याबाई पाणी शिंपडायच्या आणि मातीकडं बघायच्या.

चौथ्या माळेला सकाळी त्या फुलं आणायला गेल्या तेव्हा मी बोटानं एका कोपऱ्यात माती उकरली. गव्हाचा दाणा फुगून मऊ झाला होता. चिमटीत धरला तर आतून पांढरं पाणी आलं. नाकाशी नेला तर आंबूस वास. शेजारचा उकरला, तोही तसाच. कोंबाचा मागमूस नव्हता.

मी तिथंच बसले आणि तारेच्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आलं. पंजाबची जमीन, पंजाबचा गहू, आणि त्यातलं काही एक जिवंत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच. दसऱ्याला आबा येतील. त्यांचा माझ्याविषयी काही वाईट हेतू नाही, आणि म्हणूनच त्यांना अडवता येणार नाही. ते आत्याबाईंसमोर उभे राहतील आणि आत्याबाई शब्दाला जागतील.

मग मी उठले. घरात दुसरा गहू नव्हता, म्हणून कणगीतला मूठभर जोंधळा काढला, वाटीत भिजत घातला आणि वाटी उतरंडीच्या मागं ठेवली. दुसऱ्या दिवशी, पाचव्या माळेला, दुपारी आत्याबाई ओट्यावर डुलकी घेत होत्या. मी देवघरात गेले. एकेक दाणा बोटानं मातीत खुपसायला लागले.

हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, देवीला फसवतेय म्हणेल, हे मनात येऊन गेलं. पण त्याहून मोठी एक गोष्ट झाली. दाणे खुपसताना मी बोलायला लागले. आधी मनात, मग ओठात. “या,” मी म्हणाले. “या हो घरी. पाय तुटला असला तरी या. आत्याबाईंनी रोज उंबऱ्यावर पाणी ठेवलंय. या.” इतके दिवस मी मनाला बांधून ठेवलं होतं ते त्या दाण्यांपाशी सुटलं. बांधून ठेवलं होतं तेव्हा दुखत नव्हतं. आता दुखायला लागलं, पण त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्याच दिवशी संध्याकाळी आरतीला आबा आले. आरती झाली तरी ते गेले नाहीत.

“सूनबाई, वाईच पाणी दे,” ते म्हणाले. मी पाणी आणायला आत गेले. आत्याबाई परसात वासराला बांधत होत्या. मी तांब्या घेऊन आले तेव्हा आबा देवासमोर गुडघ्यावर बसले होते. मला बघून उठले, हात बंडीला पुसले. पाणी प्यायले नाहीतच, तांब्याला नुसता हात लावला. “वाकाय लागलं की गुडघं धरत्यात,” एवढंच म्हणाले.

सातव्या माळेला माती फुटली. मी माळ चढवायला गेले आणि तोंडावर हात ठेवून उभीच राहिले. घटाच्या डाव्या अंगाला जोंधळ्याच्या सुया वर आल्या होत्या. पण उजव्या अंगाला, मी जिथं एक दाणाही टाकला नव्हता तिथं, दोन-दोन पानांचे टवटवीत कोंब होते. आठव्या माळेला तर पत्रावळ भरून गेली. गव्हाचं पातं औषधालासुद्धा नव्हतं.

“आत्याबाई,” मी हाक मारली.

त्या आल्या, समईची वात सारली आणि खाली वाकून बघायला लागल्या.

“ह्यो जोंधळा,” त्या म्हणाल्या.

“मी घातला,” मी म्हणाले. लपवण्यात अर्थ नव्हता. “गहू कुजला होता. मी उकरून पाहिलं.”

आत्याबाई मला मारतील असं वाटलं. त्या खाली बसल्या. “तू बी?” त्या म्हणाल्या. “अगं, ह्यो मूग माझा. चौथ्या माळेला घातलाय म्या.”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. एकाच घरात, एकाच चुलीपुढं, एकमेकींपासून लपवून वाट्या भिजवत होतो. मला हसू आलं. आत्याबाईंनाही आलं. देवासमोर तोंडाला पदर लावून आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता आत्याबाई रडायला लागल्या. तार आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

“माझ्या हातानं मारला गं त्यो गहू,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. किडा लागू न्हाई म्हणून तव्यावर शेकून ठिवला हुता म्या. दर दोन म्हैन्यानं शेकायचे. उत्तू आला म्हंजी त्येला दावीन, बघ एक दाणा किडला न्हाई. आन् घट बसवायच्या टायमाला माझ्या ध्येनात न्हाई. शेकल्याला गहू कधी उगवतुया का? मला तिसऱ्या माळेला आठवलं. मग काय तोंडानं सांगू तुला?”

मी त्यांचा हात धरला. ज्याला जिवापाड जपायचं ते त्यांनी असं जपलं होतं. त्यांच्या हाताला तव्याचे चटके बसलेले जुने डाग होते, आणि ते भाकरीचे असतील असं मी आजवर समजत होते.

“आणि हा?” थोड्या वेळानं मी मुगातच मिसळलेल्या तिसऱ्या जातीच्या कोंबाकडं बोट केलं. “हा हुलगा तुमचाच ना?”

आत्याबाईंनी डोळे पुसले. वाकून पानाला हात लावला, मग दारातून पलीकडच्या गोठ्याकडं पाहिलं. “असंल कुणाचा तरी,” त्या म्हणाल्या आणि माळ चढवायला उठल्या.

दसऱ्याला भावकी आली. धाकट्या सासूबाईंनी पत्रावळीकडं बघून नाक मुरडलं. “आगं बया! ह्या घरच्या घटात गहू आसतुया. ह्ये काय खिचडी केलीया?”

सगळे आबांकडं बघायला लागले. आबांनी पटका काढला. ते आता बसणार असं मला वाटलं. पण ते बसले नाहीत. त्यांनी पटका माझ्यापुढं धरला.

“उगवलंय न्हवं?” ते म्हणाले. “मग तुरा खव हितं. सोनं लुटाय जायाचंय, ऊन चढतंय.”

मी जोंधळा, मूग आणि हुलगा यांचा एक तुरा करून त्यांच्या पटक्यात खोवला. त्या दिवसानंतर त्यांनी दिलेला शब्द पाळला. पानाचा विषय त्या घरात निघाला नाही.

पुढचे दिवस मी जगले. दिवाळीला दारात दिवा लावला. लढाईतले धरलेले कैदी परत येणार अशी बातमी आली तेव्हा ह्यांचा सदरा धुऊन वाळत घातला. आत्याबाई आणि मी रोज काहीतरी ठरवायचो. आले म्हणजे पहिल्यांदा काय खायला घालायचं, गोठा कुठं बांधायचा. एवढं तर लग्नाच्या पहिल्या वर्षात मी ह्यांच्याशीसुद्धा बोलले नव्हते.

फाल्गुनात शेजारच्या गावचा एक जवान कुबडी घेऊन आमच्या ओट्यावर आला. ह्यांच्याच पलटणीतला. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आलेला. पाणीही प्यायच्या आधी म्हणाला, “मावशी, मी शेजारीच होतो. त्याला काही कळलंसुद्धा नाही, बघा. एका क्षणात.” त्यानं तारीख सांगितली. तार यायच्या आधीची ती तारीख होती.

मागोमाग सरकारी पत्रही आलं. नदीवर जायचं ते गेलो. माझ्या बांगड्या फुटल्या. मंगळसूत्र मात्र आत्याबाईंनी कुणाला तोडू दिलं नाही. स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यातून काढलं आणि दोरा न तोडता गुंडाळून ठेवलं.

त्या दिवसांत मी आत्याबाईंशी बोलेनाशी झाले. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालायचा. मी माती पसरली तेव्हा हे नव्हते. मी दाणे खुपसत “या हो” म्हणत होते तेव्हा हे नव्हते. धाकट्या सासूबाई कुणाला तरी म्हणाल्याच, सुतकात देव बसवलं, आन् काय हुनार. एक दिवस परसात भांडी घासताना मी भांडी टाकून उठले.

“कशाला लावलीत मला आशा?” मी ओरडले. “आबा सांगत होते तेव्हाच रडून झालं असतं. सहा महिने मी ह्यांच्यासाठी सदरे धुतले! तुम्हाला काय मिळालं त्यात?”

मी टाकलेली भांडी आत्याबाईंनी उचलली आणि घासायला घेतली.

भाद्रपदात वर्षश्राद्ध झालं आणि पुन्हा अमावस्या आली. या खेपेला ह्यांचं पान वाढलं, सासऱ्यांच्या पानाशेजारी. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. मी उजाडताच टाक घासून लखलखीत केले आणि परडीत ठेवून वर धूतवस्त्र झाकलं. आबांच्या घरून न्यायला येतील तर खोळंबा नको. कपाळावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. परडी घेऊन मी देवघरातून बाहेर आले.

“कुठं निघालीस?” आत्याबाईंनी विचारलं. त्या चुलीपुढं होत्या.

“टाक द्यायला. धाकट्या आत्याबाई बसवतील ना घट.”

“आत ठेव ती परडी.”

“आत्याबाई, मला कसं चालेल?”

“ठेव म्हणते न्हवं!” त्या उठून माझ्यासमोर आल्या. कुणी ऐकेल याची त्यांनी पर्वा केली नाही. “परसात तू मला इचारलंस, काय मिळालं म्हणून. ऐक आता. बारा वर्सं म्या घट बसवला. दर साली वाटायचं, औंदा येत्याल. आलं न्हाईत. पर त्या बारा वर्सांत म्या रान पेरलं, हीर खोदली, उत्तूला वाढीवला. कुणाच्या दारात गेले न्हाई. मग भावकीनं दर्भ जाळला आन् परडी उचलून न्हेली. तवा मी म्हणलं न्हाई की माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. त्या साली शेजारच्या घरातली आरती मी हितं अंधारात बसून ऐकली. नवरा गेला तवा मी मेले न्हाई, यमुने. परडी न्हेली तवा मेले.”

मी परडी छातीशी धरली.

“गेल्या साली घट उत्तूसाठी बसवला असं तुला वाटतंय. मला काय ठावं हुतं, त्यो हाय का न्हाई? मला एवढंच बघायचं हुतं की तुझी परडी कुणी उचलू न्हाई.” त्यांनी परडी माझ्या हातातून घेतली आणि परत माझ्या हातात दिली. “तू सातवी शिकल्याली. मास्तरणीची परीक्षा दे, न्हाईतर रान कर, न्हाईतर दुसरं घर कर. मी आडवी येणार न्हाई. पर मेल्यागत बसायचं न्हाई. ह्या घरात घट तूच बसवणार.”

“आणि माती?” मी विचारलं. मला दुसरं काही सुचेना. “माती कोण आणणार?”

तेवढ्यात ओट्यावर पाटी टेकल्याचा आवाज झाला. आबा उभे होते. त्यांनी कुठपासून ऐकलं, मला ठाऊक नाही; दार उघडंच होतं. पाटीत काळीभोर माती होती, चाळलेली. एक ढेकूळ नव्हतं.

धाकट्या सासूबाई आपल्या दारातून बघत होत्या. आबांनी तिकडं पाठ केली आणि पटका काढला. उंबऱ्याशी बसतील असं वाटलं, पण ते उभेच राहिले.

“वैनी, बारा वर्सांनी परडी ज्येनं उचलून न्हेली त्यो मीच,” ते म्हणाले. “औंदा न्हेणार न्हाई.”

आत्याबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि पाट मांडायला आत गेल्या.

मी कणगीतून जोंधळा काढला, डब्यातून मूग घेतले. गव्हाची पिशवी अजून माळ्यावर होती. तिला कुणी हात लावला नाही. मी पत्रावळीवर माती पसरायला बसले तेव्हा आबा दाराशी घुटमळत होते. मग त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि मूठ माझ्यापुढं उघडली. हुलगे होते. रात्रभर भिजलेले, टचटचीत, काहींना मोड आलेले.

“ह्ये बी घाल, पोरी,” आबा म्हणाले. “गेल्या साली चोरून घालावं लागलं.”

मी ते ओंजळीत घेतले. माझे हात ओकेबोके होते, ते आबांना दिसले असतील. त्यांनी नजर वळवली नाही.

मी पेरायला सुरुवात केली.